मुलांचा हिशेब मागणाऱ्या माता

मुलगा बारावीला गेला की आपल्या घरात काय सुरू होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच. क्लासची फी, मार्कांची काळजी, टीव्ही बंद, पाहुणेरावळे बंद. रशियातल्या आईच्या घरीही मुलगा अठराचा झाला की असंच असतं, पण तिच्या काळजीत आणखी एका कागदाची भर पडते. त्या कागदाला तिथे ‘पोवेस्तका’ म्हणतात. सैन्यात हजर होण्याचं बोलावणं! आपल्याकडे लष्करात जायचं ते आपखुशीनं. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत तर तो अभिमानाचा विषय. तिथे मात्र धडधाकट मुलाला जावंच लागतं. शिक्षण चालू असेल तर मुदत मिळते, एवढंच. पूर्वी ही सक्ती दोन वर्षांची होती, २००८ पासून ती एका वर्षावर आली. ती एका वर्षावर येण्याआधी या देशातल्या आयांनी वीसेक वर्षं जे काही केलं, त्याची हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

‘नागरी समाज’ असा एक जड शब्द हल्ली वर्तमानपत्रांत वाचायला मिळतो. त्याला घाबरू नका. घराचा उंबरठा आणि सरकारी कचेरीचा दरवाजा यांच्या मधली जी जागा, तिचं हे नाव. आपलं महिला मंडळ, शाळेतला पालक संघ, ग्राहक पंचायत, गावातलं वाचनालय, सगळे याच जागेत बसतात. सोव्हिएत काळात ही जागाच नव्हती म्हटलं तरी चालेल. मंडळं होती, नाही असं नाही. बायकांची होती, तरुणांची होती, लेखकांची होती. पण पक्षानं काढलेली आणि पक्षाच्या हुकमानं चालणारी. ती गुळगुळीत कागदाची सोव्हिएत मासिकं आठवतात ना, जिचे कागद आपण मुलांच्या वह्यांना कव्हर म्हणून घालत असू? त्यांत ट्रॅक्टर चालवणाऱ्या हसऱ्या बायका असत. तक्रार करणारी बाई कधी दिसली नाही.

आणि तक्रार करण्यासारखं तर खूप होतं. १९७९ ते १९८९ या दहा वर्षांत सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात लढत होत्या. सुमारे पंधरा हजार सैनिक त्यात गेले. जस्ताच्या बंद पेटीत मुलगा घरी यायचा, पेटी उघडायची परवानगी नसायची, आणि फार बोलू नका अशी ताकीद मिळायची. सुरुवातीच्या वर्षांत तर थडग्यावर ‘अफगाणिस्तान’ हा शब्दही कोरू देत नसत. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी या आयांची दुःखं ऐकून एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याबद्दल त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

युद्ध नसतानाही मुलं मरत होती, ही गोष्ट आणखी भयंकर. त्यांच्या बराकींतून एक जुनी रीत चालत आली आहे, ‘देदोवश्चिना’. ‘देद’ म्हणजे आजोबा. ज्याची सैन्यातली मुदत संपत आली तो शिपाई ‘आजोबा’, आणि नुकता आलेला पोरगा त्याचा गुलाम. मारहाण, उपासमार, पैशांची लुबाडणूक. आजोबा या मायेच्या शब्दाचं काय करून टाकलं पाहा! कित्येक मुलं पळून जात, काही आत्महत्या करीत, आणि घरी पत्र जाई ‘अपघाती मृत्यू’ म्हणून.

१९८९ साली मॉस्कोत काही आया एकत्र आल्या. निमित्त साधंच होतं. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना अभ्यास अर्धा सोडून सैन्यात नेलं जात होतं, ती मुलं परत द्या ही मागणी. गोर्बाचेव यांच्या काळात थोडं मोकळं बोलता येऊ लागलं होतं, त्याचा या बायकांनी नेमका फायदा घेतला. पुढाऱ्यांना पत्रं, कचेऱ्यांसमोर ठिय्या, वर्तमानपत्रांत बातम्या. त्याच वर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास विद्यार्थी मुदतीआधी घरी परत आले. एवढं मोठं यश पहिल्याच झटक्यात! ‘सैनिकांच्या मातांची समिती’ उभी राहिली ती अशी. मारिया किर्बासोवा, वालेंतिना मेल्निकोवा ही तिच्यातली ठळक नावं. पुढे गावोगाव अशा समित्या निघाल्या.

त्यांचं काम कसं चालायचं हे मला सगळ्यांत सांगण्यासारखं वाटतं. सेंट पीटर्सबर्गच्या सैनिक-मातांची संस्था १९९१ सालची. एला पोल्याकोवा तिच्या प्रमुख. इथे रडत आलेल्या आईला धीर देत, पण ‘तुमचा अर्ज आम्ही लिहून देतो’ असं म्हणत नसत. त्यांचे वर्गच भरत. मुलं आणि आईबाप बाकावर बसत, आणि कायद्याचं कुठलं कलम काय सांगतं, मुलाला जुना आजार असेल तर डॉक्टरांचे कोणते कागद जमवायचे, अर्ज कसा लिहायचा, हे शिकत. अर्ज ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचा. आपल्यापैकी जिनं सरकारी कचेरीत खेटे घातले आहेत, तिला यातलं शहाणपण लगेच उमगेल. ज्या कागदाची नक्कल आणि पोच आपल्याजवळ आहे, तोच कागद कचेरीत सापडतो. बाकीचे गहाळ होतात!

पण या बायकांची खरी कसोटी लागली ती चेचन्यात. डिसेंबर १९९४ मध्ये रशियानं चेचन्यावर फौजा घातल्या. संरक्षणमंत्री ग्राचेव यांनी त्याआधी बढाई मारली होती की ग्रोझनी शहर घ्यायला छत्रीधारी सैनिकांची एक रेजिमेंट आणि दोन तास पुरेत. प्रत्यक्षात ३१ डिसेंबरच्या रात्री, घरोघर नववर्षाची मेजवानी चाललेली असताना, अर्धवट शिकलेली पोरं रणगाड्यांतून त्या शहरात ढकलली गेली आणि गल्लीबोळांत जळून मेली. घरी खबर नाही. कचेरीत विचारावं तर यादी नाही. मग आयांनी पिशव्या भरल्या आणि त्या स्वतःच निघाल्या.

ही अतिशयोक्ती नाही. मुलाचा फोटो हातात धरून शेकडो बायका युद्धाच्या मुलखात गावोगाव हिंडल्या. चेचन घरांत त्यांना आसरा मिळाला. ज्यांच्या घरावर रशियन बॉम्ब पडले होते, त्याच बायकांनी रशियन आईला जेवायला वाढलं. या आया चेचन सरदारांपुढे जाऊन बसल्या, कैदेतली मुलं मागू लागल्या, आणि काहींना ती मिळालीसुद्धा. काही जणी तर थेट पलटणीत गेल्या आणि मुलाला हाताला धरून घरी घेऊन आल्या. १९९५ च्या मार्चमध्ये मॉस्कोहून ग्रोझनीकडे मातांची पदयात्रा निघाली. ज्यांना मुलगा जिवंत सापडला नाही, त्यांची वाट रोस्तोव शहराकडे जाई. तिथल्या लष्करी प्रयोगशाळेत ओळख न पटलेले देह ठेवलेले असत. तिथे जाऊन एकेक देह पाहायचा आणि आपला कोणता ते सांगायचं. याहून जास्त मी लिहीत नाही.

मेलेल्या सैनिकांचा सरकारी आकडा साडेपाच हजारांच्या आसपास होता. मातांच्या समितीनं आपल्याकडे आलेल्या पत्रांवरून, तक्रारींवरून अंदाज केला तो चौदा हजारांचा. सरकारच्या आकड्याला आकड्यानं उत्तर देण्याची ताकद त्या देशात तेव्हा फार थोड्यांकडे होती, आणि ती या गृहिणींकडे होती. १९९६ साली त्यांना स्वीडनमध्ये ‘राइट लाइव्हलिहुड’ हा सन्मान मिळाला.

तुम्ही म्हणाल, राज्यकर्त्यांनी इतकं चालू कसं दिलं? आई म्हणून! राजकारणी माणसाला तुरुंगात टाकता येतं, लेखकाला देशोधडीला लावता येतं; पण शिपायाच्या आईला देशद्रोही म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. हीच त्यांची ढाल. मला मात्र यात एक उणीवही दिसते. आई म्हणून मागितलेलं मिळालं. नागरिक म्हणून मागायला गेलं की दार बंद. २००४ मध्ये या मातांनी आपला राजकीय पक्षही काढून पाहिला, त्याचं काही विशेष झालं नाही.

तरी फळं आली. युद्ध न करता रुग्णालयात वगैरे पर्यायी सेवा करण्याचा हक्क १९९३ च्या घटनेत लिहिलेला होता, त्याचा कायदा २००४ मध्ये एकदाचा अमलात आला. २००६ च्या सुरुवातीला चेल्याबिन्स्क शहरात एका कोवळ्या शिपायाला नववर्षाच्या रात्री इतकं छळलं गेलं की त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. लष्कर गप्प होतं. तिथल्या सैनिक-मातांच्या समितीला ही गोष्ट कळली आणि त्यांनी ती देशासमोर आणली, तेव्हा कुठे खटला उभा राहिला.

मग वारं फिरलं. २०१२ मध्ये कायदा झाला की परदेशातून मदत घेऊन ‘राजकीय’ काम करणाऱ्या संस्थेनं ‘परकीय हस्तक’ म्हणून नाव नोंदवावं. रशियन कानाला हा शब्द हेर म्हटल्यासारखाच लागतो. आता या संस्थांकडे परदेशी मदत होती हे खरं. देशातला धनिक अशा कामाला पैसे देईल कशाला? ऑगस्ट २०१४ मध्ये एला पोल्याकोवा युक्रेनच्या लढाईत जखमी झालेल्या रशियन सैनिकांबद्दल जाहीर बोलल्या. तिथे आपले सैनिक नाहीतच, असं सरकार तेव्हा सांगत होतं. काही दिवसांतच त्यांच्या संस्थेवर हा शिक्का बसला. परदेशी पैसा सोडल्यावर पुढल्या वर्षी तो निघाला, पण २०२१ च्या शरदात नवा नियम आला. सैन्याच्या परिस्थितीविषयी माहिती गोळा करणं हेच शिक्का बसायला कारण झालं. तीस वर्षं उघडं असलेलं दार सैनिकांसाठी बंद करतो आहोत, असं या संस्थेला जाहीर करावं लागलं. त्याच डिसेंबरात ‘मेमोरियल’ ही जुनी, नावाजलेली संस्था कोर्टानं मोडीत काढली. पुढच्या वर्षी तिला शांततेच्या नोबेलचा वाटा मिळाला, तेव्हा ती कागदावर उरली नव्हती.

आणि नेमकी याच वेळी तिची गरज होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर मोठा हल्ला झाला, सप्टेंबरात तीन लाख माणसांना बोलावण्याचा हुकूम निघाला. या वेळी मुलगेच नव्हे, संसारी नवरेही गेले. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी सैनिकांच्या मातांना चहाला बोलावलं, टीव्हीवर ते दिसलंही; पण त्या बहुतेक निवडून घेतलेल्या, सरकारच्या मर्जीतल्या होत्या. प्रश्न विचारणाऱ्या आया बाहेरच राहिल्या.

वर्षभरानं बायका पुढे आल्या. ‘पूत दमोय’, म्हणजे घरची वाट, हे त्यांनी घेतलेलं नाव. नवऱ्यांना परत पाठवा, एवढीच मागणी. मोर्चाला परवानगी मिळेना, म्हणून डोक्याला पांढरा रुमाल बांधून त्या शनिवारी क्रेमलिनच्या भिंतीशी असलेल्या अनामिक सैनिकाच्या समाधीवर जायच्या आणि लाल फुलं ठेवायच्या. फुलं ठेवण्याला कायद्यानं मनाई नाही ना! ३ फेब्रुवारी २०२४ ला त्या अशाच जमल्या, तेव्हा पोलिसांनी वीसेक जणांना गाडीत घातलं. ते बहुतेक बातमीदार होते. बायकांना त्या दिवशी फारसं कुणी धरलं नाही. मे महिन्याच्या अखेरीला मात्र यादी निघाली, आणि ‘परकीय हस्तक’ म्हणून तीत ‘पूत दमोय’चं नाव होतं, आणि तिच्यातल्या एका लेकुरवाळ्या बाईचंही.