टॅरो कार्ड : दिलासा की धोका?

मोबाईल उघडला की हल्ली टॅरोचे व्हिडिओ आपोआप समोर येतात. तीन पत्त्यांपैकी एक निवडा, पुढचा महिना कसा जाईल ते सांगतो, असं त्यात असतं. नरखेड, मोवाड, जलालखेड्याच्या घरातला मोबाईलही याला अपवाद नाही. मुलीचा रिश्ता जमत नाही, आंबिया बहाराची संत्री गळून पडली, मुलाला नोकरी लागत नाही. अशा वेळी माणूस आधार शोधतोच. म्हणून "हराम आहे, बघू नका" एवढंच सांगून न थांबता, हा प्रकार नेमका काय आहे ते आपण समजून घेऊ या.

पत्ते आले कुठून?

टॅरोच्या गड्डीत 78 पत्ते असतात. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ती तयार झाली, तीही खेळण्यासाठी. त्यावरून भविष्य सांगण्याची टूम अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये निघाली. आज सगळीकडे दिसणारी चित्रं तर 1909 साली लंडनमध्ये छापली गेली. म्हणजे यात कोणतंही प्राचीन गूढ ज्ञान नाही. आपल्या सावंतवाडीतही गंजिफाचे गोल, रंगीत पत्ते बनतात. तो खेळ म्हणूनच ओळखला जातो.

मग खरं का वाटतं?

1948 साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. ते किती जुळतं, असं विचारल्यावर पाचपैकी सरासरी 4.26 गुण मिळाले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच कागद दिला होता! "तुम्ही इतरांसाठी खूप करता, पण तुमची कदर होत नाही" हे वाक्य कोणत्या अम्मीला, कोणत्या अब्बूंना लागू पडणार नाही?

आपल्या महाराष्ट्रातही अशी परीक्षा झाली आहे, पण ती पत्रिकेची. 2008 मध्ये शास्त्रज्ञ जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा एकूण 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या आणि कोणती पत्रिका कोणाची, एवढंच विचारलं. उत्तर पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांचं प्रमाण निघालं 46 टक्के. नाणं उडवूनही इतकंच जमलं असतं.

फायदा काहीच नाही का?

एक गोष्ट मान्य करायला हवी. कोणीतरी अर्धा तास शांतपणे आपलं ऐकतं, त्यानं मन हलकं होतं. पण तो फायदा ऐकण्याचा आहे, पत्त्यांचा नाही. नुकसान मात्र खरं असतं. आधी थोडे पैसे, मग "अडथळा आहे, उपाय करावा लागेल" म्हणून जास्त पैसे. त्याहून वाईट म्हणजे "जवळच्याच बाईनं काही केलंय" हे वाक्य. तेवढ्यावरून नणंद-भावजयीचं बोलणं बंद होतं, घरं तुटतात.

दीन काय सांगतो?

सूरह माइदाच्या आयत 90 मध्ये दारू आणि जुगारासोबतच नशीब काढण्याच्या बाणांनाही सैतानी काम म्हटलं आहे. त्या काळी बाण होते, आज पत्ते आहेत. गैबचं इल्म फक्त अल्लाहला आहे, हे सूरह नम्ल (आयत 65) स्पष्ट करते. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

इथे आपल्याच घरातली एक गोष्ट बोलायला हवी. टॅरोला हसणारे कित्येक जण "ऑनलाइन इस्तिखारा" करून देणाऱ्या बाबांना पैसे पाठवतात. इस्तिखारा म्हणजे दोन रकात नफिल आणि दुआ. ती ज्याची त्यानं करायची असते. त्यात भविष्य कळत नाही, तर अल्लाहकडे भलाई मागितली जाते. तिची फी नसते.

काय करावं?

रिश्त्याची चौकशी माणसांकडे करा, घरात मशवरा करा. संत्र्याची गळ होत असेल तर काटोलच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात विचारा. मन फारच खचलं असेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर लगेच 1930 वर फोन करा. चमत्काराचा दावा करून लुबाडणं, भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं हे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हे आहेत. त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाबा कोणत्याही धर्माचा असो, कायदा एकच आहे.

आणि घरातली मुलगी असे व्हिडिओ बघताना दिसली तर आधी रागावू नका. तिला कशाची काळजी लागली आहे ते विचारा. पत्त्यांना विचारायचा प्रश्न ती आपल्याला विचारू लागली, तर अर्धं काम तिथंच झालं. अल्लाह आपल्या सर्वांना योग्य समज देवो. आमीन.