टपाल वाटेत वळवावे का?

आज ईमेलच्या पत्त्यात फक्त मुक्काम असतो. १९८० च्या दशकात युनिक्स यंत्रांच्या यूयूसीपी जाळ्यात मात्र पाठवणारा अख्खी वाट लिहून देई: एका यंत्राचे नाव, उद्गारचिन्ह, पुढच्याचे नाव, पुन्हा उद्गारचिन्ह, शेवटी माणूस. यंत्रे बहुधा रात्री, फोनचे दर उतरले की एकमेकांना डायल करत आणि साठलेले टपाल पुढे ढकलत.

मधल्या संगणकाला जवळची वाट ठाऊक असेल तर त्याने लिहिलेली वाट खोडून ती वापरावी, असे तेव्हा अनेकांना वाटे. हा समज चुकीचा होता. स्टीव्हन बेलोविन आणि पीटर हनीमन यांचा पाथअलायस हा प्रोग्राम जाळ्याच्या नकाशावरून स्वस्त वाट काढून देई, आणि ते काम तो चोख करी. कच्चा होता तो नकाशा. ठिकठिकाणच्या व्यवस्थापकांनी कळवलेल्या नोंदींवर तो बेतलेला असे. बंद पडलेली जोडणीही त्यात चालू दिसे.

त्याहून मोठा घोळ नावांचा. दोन ठिकाणी एकाच नावाची यंत्रे असू शकत. समजा, पत्ता आहे 'क!ख!गरुड!मीरा'. इथला गरुड म्हणजे 'ख'ला जोडलेला गरुड. 'क'ने नकाशातला दुसराच, नावाजलेला गरुड गाठला की पत्र भलत्याच शहरात. तिथे मीरा नसेल तर ते परत तरी येईल. असेल तर खासगी मजकूर परक्या मीराच्या हाती पडेल.

लांबची वाट लिहिणारा अडाणी, हाही गैरसमजच. जवळची जोडणी बंद आहे हे त्याला माहीत असे, किंवा एखादी ठरावीक जोडणीच त्याला तपासायची असे.

म्हणून मधल्याने हातावर हात ठेवून बसावे, असे नाही. पत्त्यातले पुढचे यंत्र थेट जोडलेले नसेल, तर तिथवरची वाट शोधणे योग्यच. लिहून दिलेली वाट पुसणे ही वेगळी गोष्ट.

"राउटर तर क्षणोक्षणी वाट बदलतात!" हा आक्षेप नेहमी येतो. पण राउटर पुढे पाठवतात त्या पॅकेटवरच्या सार्वजनिक आयपी पत्त्याचा अर्थ पॅकेट आधी कुठून आले यावर अवलंबून नसतो. डोमेन नावांनी ईमेललाही वाटेवर अवलंबून नसलेली तशीच ओळख दिली. म्हणूनच १९८९ च्या आरएफसी ११२३ या इंटरनेट मानकाने, पत्त्यात वाट लिहिलेली असली तरी, सर्व्हरला ती सोडून थेट शेवटच्या डोमेनकडे पत्र पोचवण्याची मुभा दिली.