पत्त्यांचं अर्थकारण (लेखांक 6) : कोपऱ्यात छापलेली किंमत

'मॅजिक : द गॅदरिंग'चा नवा संच बाजारात येण्याआधी त्यातले पत्ते थोडे थोडे करून जाहीर होतात आणि खेळाडू लगेच कामाला लागतात : हा पत्ता डेकमध्ये घ्यायचा, की वहीत लावून विसरून जायचा? त्या पत्त्याने अजून कुणी एक डावही खेळलेला नसतो. समोर असतं एक चित्र, चार-पाच ओळींचा मजकूर आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात छापलेली किंमत. एवढ्यावरून निकाल द्यायचा असतो. तो वारंवार चुकतो आणि चुकणाऱ्यांत पत्ते बनवणारेही असतात.

गेल्या आठवड्यात आपण माना म्हणजे काय ते पाहिलं. दर पाळीला जमिनीचा एकच पत्ता मांडता येतो, त्यामुळे पहिल्या पाळीत एक माना, दुसऱ्या पाळीत दोन, अशी खर्चायची ऐपत हळूहळू वाढत जाते. पत्त्याच्या कोपऱ्यातला आकडा त्या ऐपतीतून किती जाणार ते सांगतो. नवखा खेळाडू याच आकड्यावर भरवसा ठेवतो. स्वस्त आणि मस्त असेल तर घ्या, महाग असेल तर सोडा. ज्यांचं लहानपण कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांत गेलं, त्यांना तर हे फारच सोपं वाटतं, कारण तिथे उंची, वजन, छाती सगळं छापलेलं असायचं आणि मोठा आकडा सांगितला की समोरचं कार्ड आपलं. मॅजिकमध्ये छापलेल्या आकड्यांवर ताकद ठरत नाही, आणि याचा पुरावा या खेळाच्या पहिल्याच संचात आहे.

रिचर्ड गारफिल्ड हे मुळात गणिताचे माणूस. 1993 मध्ये त्यांचा हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्टने बाजारात आणला, तेव्हा त्यात पाच पत्त्यांची एक मालिका होती. खेळातल्या पाच रंगांना एकेक पत्ता. पाचही पत्त्यांची किंमत एकच माना आणि पाचही पत्ते 'तीन' या आकड्यावर बांधलेले. पांढऱ्या रंगाचा हीलिंग साल्व तीन आयुष्यगुण परत देतो किंवा तेवढंच नुकसान टाळतो. निळ्याचा अँसेस्ट्रल रिकॉल तीन पत्ते उचलू देतो. काळ्याचा डार्क रिच्युअल तीन काळे माना देतो. लाल लायटनिंग बोल्ट तीन गुणांचं नुकसान करतो. हिरवा जायंट ग्रोथ एका क्रीचरची, म्हणजे पटावर लढणाऱ्या पात्राची, मारण्याची आणि सोसण्याची ताकद त्या पाळीपुरती तीन-तीनने वाढवतो. कागदावर पाहाल तर मोठी नेटकी समता!

प्रत्यक्षात हे पाच पत्ते पाच वेगळ्या उंचीवर उभे आहेत. अँसेस्ट्रल रिकॉल या खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत बलाढ्य पत्त्यांत मोजला जातो. स्पर्धेत चालेल असा तो 1993 नंतर पुन्हा छापलेला नाही आणि 'व्हिंटेज' या स्पर्धाप्रकारातही डेकमध्ये एकच प्रत ठेवता येते. हीलिंग साल्व मात्र पुढे अनेक आवृत्त्यांत छापला गेला आणि त्याला कुणी घाबरलं नाही. पहिल्या संचातही या पाचांपैकी रिकॉल तेवढा दुर्मीळ गटात होता, बाकीचे चार सर्रास मिळणारे. म्हणजे हा पत्ता वेगळा आहे याची कुणकुण तेव्हाही असावी. पण 'दुर्मीळ केला की झालं' हा उपाय चालला नाही. ज्याला जिंकायचंय तो दुर्मीळ पत्ताही शोधून आणतोच.

फरक पडतो कशाने? पहिली गोष्ट अशी, की कोणताही पत्ता खेळताना तुम्ही दोन किमती मोजता. एक माना, आणि दुसरी तो पत्ता स्वतः. तो हातातून जातो. सुरुवातीला सात पत्ते मिळतात आणि पुढे दर पाळीला एक, त्यामुळे पत्ता हेही चलनच आहे आणि बऱ्याचदा मानापेक्षा टंचाईचं. दुसरी किंमत कोपऱ्यात छापत नाहीत, कारण ती सगळ्या पत्त्यांना सारखीच लागू असते. रिकॉल एक पत्ता घेतो आणि तीन देतो, म्हणजे ती किंमत भरून वर दोन पत्ते शिल्लक. साल्व एक पत्ता घेतो आणि जिंकण्याच्या दिशेने तुम्हाला तसूभरही पुढे नेत नाही, फक्त हरणं थोडं लांबवतो.

बोल्ट आणि साल्व शेजारी ठेवले की हे आणखी स्पष्ट होतं. प्रतिस्पर्ध्याचे आयुष्यगुण 20. सात बोल्ट म्हणजे 21 गुणांचं नुकसान, सामना खलास. सात साल्व खेळलात तर तुमच्याकडे 21 गुण जास्त असतील, हात रिकामा असेल आणि समोरचा तितकाच धडधाकट असेल. शिवाय बोल्टने समोरचं क्रीचरही मारता येतं, म्हणजे पत्त्याला पत्ता वसूल. पुढे कित्येक वर्षं कंपनीने एका मानात तीनऐवजी दोनच नुकसान करणारा 'शॉक' चालवला आणि बोल्ट मुख्य संचात परतला तो 2009 मध्ये. जायंट ग्रोथची अडचण वेगळी. त्याला पटावर क्रीचर लागतं, आणि तुम्ही ग्रोथ टाकताच समोरच्याने त्याच क्रीचरला मारलं, तर त्याच्या एका पत्त्यात तुमचे दोन गेले.

हे चलनाचं तत्त्व मॅजिकपुरतं नाही, फक्त दर बदलतो. 'यु-गि-ओ'मध्ये माना हा प्रकारच नाही. तिथे 'पॉट ऑफ ग्रीड' नावाचा पत्ता दोन पत्ते उचलू देतो, फुकट. अधिकृत स्पर्धांत त्यावर अनेक वर्षांपासून बंदी आहे. पोकेमॉनच्या पत्त्यांत मात्र प्रोफेसर ओक पहिल्या संचापासून हातातले पत्ते टाकून सात नवे उचलू देतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पोकेमॉनमध्ये पत्ते मिळणं सोपं, पोकेमॉनला ऊर्जा जोडणं अवघड, कारण ऊर्जेचा पत्ता पाळीला एकच लावता येतो. म्हणून 'तीन पत्ते उचला' हे वाक्य कोणत्या खेळात छापलंय ते कळेपर्यंत ते चांगलं की वाईट, हा प्रश्नच निरर्थक आहे.

आता खरा गुंता. काही पत्ते असे असतात, की ज्यांची कोपऱ्यातली किंमतच फसवी असते.

1995 च्या 'आइस एज' संचातला नेक्रोपोटन्स घ्या. किंमत तीन काळे माना. मजकूर वाचला की अंगावर काटा येतो : दर पाळीला मिळणारा हक्काचा पत्ता यापुढे मिळणार नाही. त्याऐवजी एकेक आयुष्यगुण मोजायचा आणि दर गुणाला एक पत्ता बाजूला ठेवायचा, जो पाळीच्या शेवटी हातात येईल. पहिल्या वाचनात अनेकांनी तो मोडीत काढला. पत्ता जाणार, आयुष्य जाणार, मग राहिलं काय? हिशेबातली चूक अशी होती, की ते आयुष्याला मुद्दल समजत होते. 20 पैकी फक्त शेवटचा गुण खऱ्या अर्थाने जीव असतो, आधीचे 19 ही खर्चायची रक्कम आहे. जो खेळाडू एका फटक्यात सात-आठ गुण देऊन हात भरून घेतो, त्याच्यापुढे पाळीला एक पत्ता उचलणारा टिकत नाही. वर मघाचा डार्क रिच्युअल जोडा. एक जमीन, एक रिच्युअल, हातात बरोबर तीन काळे माना आणि पहिल्याच पाळीत नेक्रोपोटन्स पटावर. 1996 चा उन्हाळा मॅजिकच्या खेळाडूंत 'ब्लॅक समर' म्हणून ओळखला जातो तो याच पत्त्यामुळे.

ट्रेझर क्रूझची गंमत याच्या उलट. सप्टेंबर 2014, संच 'खान्स ऑफ तारकीर'. पत्ता म्हणतो, तीन पत्ते उचला. म्हणजे थेट अँसेस्ट्रल रिकॉल, पण किंमत आठ माना! आठ माना जमेपर्यंत बहुतेक सामने संपलेले असतात, म्हणून कोपऱ्यावर नजर टाकून पुढे गेलेले कमी नव्हते. पण खाली 'डेल्व्ह' हा शब्द होता. त्याचा अर्थ, वापरून झालेल्या पत्त्यांच्या राशीतून, म्हणजे ग्रेव्हयार्डमधून, एकेक पत्ता कायमचा बाद करायचा आणि दर पत्त्यामागे एक माना वाचवायचा. आठपैकी सात माना असे फेडता येतात. उरतो एक निळा. आता विचारायचा प्रश्न असा, की ग्रेव्हयार्डमधल्या पत्त्यांची मला किंमत काय? बहुतेक डेकांत ती शून्य असते. त्यातून जुन्या पत्त्यांना मुभा असलेल्या 'मॉडर्न' आणि 'लेगसी' प्रकारांत स्वस्त पत्ते आणि वापरताच ग्रेव्हयार्डमध्ये जाणाऱ्या जमिनी यांमुळे रास चटकन वाढते. तिथे ही आठ मानांची वस्तू एक-दोन मानांत पडू लागली. जानेवारी 2015 मध्ये दोन्ही प्रकारांत तिच्यावर बंदी आली, चार महिनेही झाले नव्हते. आणि त्याच वेळी, फक्त अलीकडचे संच चालतात त्या 'स्टँडर्ड'मध्ये तोच पत्ता बंदीशिवाय खेळला जात होता. पत्ता एकच, मजकूर एकच. बदलला तो शेजार.

माझ्या मते नव्या पत्त्याच्या परीक्षणात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा : या पत्त्यात मी जे देतोय, ते मला एरवी किती उपयोगाचं होतं? उत्तर 'काहीच नाही' असं आलं, की कान टवकारायचे.

उणे चिन्हाची भीती बनवणाऱ्यांनाही चकवते. 2004 च्या 'डार्कस्टील' संचातला स्कलक्लॅम्प एका मानाचा. आणखी एक माना देऊन तो क्रीचरच्या डोक्यावर बसवायचा. त्याची मारण्याची ताकद एकने वाढते, सोसण्याची एकने घटते, आणि ते मेलं की तुम्ही दोन पत्ते उचलता. हे 'उणे एक' पत्ता तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यात आलं आणि त्याची पुरेशी चाचणी झाली नाही, हे पत्ते घडवणाऱ्या पथकातल्या आरन फोर्साइथ यांनी नंतर मोकळेपणाने लिहिलं. तोटा म्हणून घातलेला तो आकडाच इंजिन ठरला. सोसण्याची ताकद मुळात एक असलेल्या कोणत्याही चिल्लर क्रीचरवर क्लॅम्प बसवला की ते जागच्या जागी मरतं. एका मानात दोन पत्ते, हवं तितक्यांदा. त्याच वर्षी जूनमध्ये स्टँडर्डमधून त्याची हकालपट्टी झाली.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये आलेला 'ओको, थीफ ऑफ क्राउन्स' तर नोव्हेंबरातच स्टँडर्डमधून बाद झाला. तीन मानांचा हा पत्ता दर पाळीला कुठल्याही क्रीचरला साधं, गुणहीन हरीण बनवू शकतो. त्याचा वापर स्वतःच्या क्षुल्लक पत्त्यांवर होईल तितकाच समोरच्याच्या सर्वांत भारी पत्त्यावरही होणार, याचं गांभीर्य आपण ओळखलं नाही, असं कंपनीच्या चाचणी पथकाने मान्य केलं.

एवढं वाचून प्रत्येक विचित्र पत्त्यात छुपा नेक्रोपोटन्स दिसू लागण्याचा धोका आहे. नवशिक्यांचा हा दुसरा आजार, आणि जास्त खर्चिक. 'हा पत्ता आणि तो पत्ता एकत्र आले तर समोरचा संपलाच' हे वाक्य कानावर आलं की 'तर' वर थांबायचं. 60 पत्त्यांच्या डेकमध्ये एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती ठेवता येतात. चारपैकी निदान एक पहिल्या सात पत्त्यांत येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के. दोन वेगवेगळे पत्ते, प्रत्येकी चार प्रती, दोन्हींतला निदान एकेक हवा म्हटलं की ती 14-15 टक्क्यांवर घसरते. उरलेल्या डावांत त्यातला एकटा पत्ता काय करतो, हे विचारायला हवं. लायटनिंग बोल्ट एकटा आला तरी बोल्टच असतो.

'लिमिटेड रिसोर्सेस' या पॉडकास्टवर ब्रायन वाँग यांनी मांडलेली एक पद्धत इथे कामाला येते. पत्ता चार प्रसंगांत ठेवून बघायचा : डाव उभा राहतोय, दोन्ही बाजू अडलेल्या आहेत, आपण जिंकतोय, आपण हरतोय. जो पत्ता फक्त तिसऱ्या प्रसंगात झळकतो, त्याला खेळाडू 'विन-मोअर' म्हणतात. जिंकत असताना काहीही चालतं, त्यासाठी डेकमधली जागा अडवू नका. आणि गंमत म्हणजे, नव्या पत्त्याची कल्पना करताना आपलं मन आपल्याला नेमकं याच प्रसंगात नेऊन बसवतं.

आता तुमची पाळी. 1996 च्या 'मिराज' संचात 'लायन्स आय डायमंड' नावाचा पत्ता आला. किंमत शून्य माना. तो मोडला की एका रंगाचे तीन माना मिळतात, पण त्यासाठी हातातले सगळे पत्ते टाकून द्यावे लागतात, त्यामुळे मिळालेल्या मानातून हातातला पत्ता खेळायची सोयच उरत नाही. तेव्हा बहुतेकांनी तो टाकाऊ ठरवला होता. आज तो खेळातल्या महागड्या पत्त्यांपैकी एक आहे आणि लेगसीत काही डेक त्याच्याशिवाय उभेच राहत नाहीत. हातातले पत्ते जाणं कोणत्या डेकला तोट्याचं वाटणार नाही, याचा विचार करून उत्तर लिहून ठेवा. पुढच्या लेखांकाची सुरुवात तिथूनच करू.