ऐकणाऱ्याला सूर सापडतो



नवी चाल सुचते तरी कोठून, हा प्रश्न गाण्याची आवड असलेल्या प्रत्येक तरुणाच्या मनात केव्हा ना केव्हा येतो. गावोगावच्या गायनमंडळींतील मुले आम्हांला तो पुष्कळदा विचारतात. कोणाला वाटते, त्यासाठी मुंबईसारखे शहर गाठले पाहिजे; कोणाला वाटते, भारी वाद्ये हाताशी हवीत; आणि कित्येकांचा समज असा, की स्फूर्ती ही विजेसारखी अवचित यावयाची, आपण केवळ तिची वाट पाहावी. या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका आजारी माणसाच्या चरित्रात सापडले. तेच आज वाचकांपुढे ठेवावयाचे योजिले आहे.

माळव्यात इंदूरच्या पश्चिमेस धार आणि ईशान्येस देवास ही दोन जुनी संस्थाने होती. मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर अठराव्या शतकात पवार घराणे तेथे गेले व राज्य करू लागले. देवासला तर थोरली पाती व धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये नांदत होती. त्यामुळे या मुलखात मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सभोवारच्या शेतकऱ्यांची बोली मात्र माळवी. याच देवासला १९४८ च्या जानेवारीअखेर एक क्षयरोगी तरुण हवापालटासाठी येऊन राहिला. त्याचे नाव कुमार गंधर्व.

मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या खेड्यातला; घरची भाषा कानडी. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा बालक त्या हुबेहूब गाऊन दाखवी. सातव्या वर्षी एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तेच नाव कायम झाले. पुढे मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात त्याने शिक्षण घेतले. १९४७ मध्ये त्याच विद्यालयातील भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला. आणि संसार मांडतो न मांडतो तोच क्षयाने गाठले.

त्या काळी क्षय म्हणजे मृत्यूचेच बोलावणे, असे लोक समजत. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली. ज्याचे सारे जीवितच गाणे, त्याने अंथरुणावर पडून मुके राहावयाचे! भानुमतीबाईंनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली, घर चालविले आणि पतीची शुश्रूषाही केली. सुदैवाने स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध त्याच सुमारास उपलब्ध झाले होते. त्याने जीव वाचला. परंतु एक फुप्फुस कायमचे निकामी झाले.

मग या वर्षांत त्यांनी केले काय? त्यांनी ऐकले. वाऱ्याचा आवाज ऐकला, पाखरांची किलबिल ऐकली. रस्त्याने जाणारे नाथपंथी जोगी कबीराची निर्गुणी भजने म्हणत, तीही ऐकली. माळव्यातील बायाबापड्या सणावारी, लग्नकार्यांत आणि ऋतूऋतूंत गातात ती गाणी कान देऊन ऐकली, गोळा केली, स्वरलिपीत उतरवून घेतली. मैफलीत गाणारा मनुष्य आपलाच आवाज अधिक ऐकतो. कंठ बंद झालेल्या या गवयाला सारा गाव ऐकू येऊ लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. ती गाणी त्यांनी जशीच्या तशी उचलली नाहीत. लोकगीताची चाल बहुधा चार-पाच स्वरांत फिरते. पण त्या इवल्याशा फेऱ्यातही चढण्या-उतरण्याची एक निश्चित रीत दडलेली असते. ती रीत ओळखून तिचा विस्तार केला, की राग उभा राहतो. आपले रागसंगीत मुळात लोकांच्या धुनांतूनच वर आले, असे त्यांना दिसून आले. अशा रीतीने त्यांनी जे नवे राग बांधले त्यांस ‘धुनउगम राग’ असे नाव दिले. मालवती, संजारी, लगनगंधार हे त्यांपैकी काही होत. हे राग व स्वतःच्या बंदिशी त्यांनी ‘अनूपरागविलास’ या १९६५ च्या ग्रंथात प्रसिद्ध केल्या.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. लांब दमाच्या ताना आता झेपत नव्हत्या. म्हणून लहान, धारदार स्वरवाक्ये आणि मधली अर्थपूर्ण शांतता अशी त्यांची गायकी घडली. उणीव होती तिचेच वैशिष्ट्य झाले. १९९० मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. मुंबईचे वैभव सोडून तो गवई अखेरपर्यंत त्या लहानशा गावातच राहिला.

परदेशातही असेच घडले आहे. हंगेरीचे विख्यात संगीतकार बेला बार्टोक यांनी १९०४ मध्ये एका खेडवळ दाईला गाताना ऐकले आणि त्यांचा मार्गच बदलला. आपले मित्र कोडाय यांच्याप्रमाणेच तेही ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडले व शेतकऱ्यांची हजारो गाणी त्यांनी टिपून घेतली. दाई मूल जोजवीत होती. पण ऐकणारा कान तेथे होता!

अर्थात नुसत्या ऐकण्याने कोणी संगीतकार होत नाही. कुमारांच्या कानांमागे देवधर मास्तरांच्या शिक्षणाची वर्षे होती. मशागत झालेल्या शेतातच पाऊस मुरतो. तेव्हा स्वराभ्यास टाळून स्फूर्तीची वाट पाहणाऱ्यांनी या चरित्रातून भलताच अर्थ काढू नये.

आता आपल्या घरांकडे वळू. लग्नाच्या मांडवात, जात्यावर, लावणीच्या शेतात आपल्या आज्या जी गाणी म्हणत, त्यांतील कितीशी आज आपल्या मुलींना येतात? मांडवात आता ध्वनिवर्धक गर्जतो आणि आजीबाई कोपऱ्यात गप्प बसून राहतात. एक म्हातारी गेली, की तिच्याबरोबर पन्नास गाणी मातीत जातात. मग ती कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. बार्टोकला जड यंत्र वाहून न्यावे लागले. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज तेच काम करणारा मोबाइल आहे.

तेव्हा, नव्या चालींसाठी तळमळणाऱ्या तरुणांनो, येत्या सुट्टीत आजीजवळ तासभर बसा. तिचे गाणे मध्येच न तोडता ऐका, शब्द वहीत उतरवा, चाल पेटीवर वाजवून पाहा. कुमार गंधर्वांना नव्या रागांची बीजे परमुलखातील बायकांच्या गाण्यांत सापडली. तुमचे बीज तर तुमच्याच ओसरीवर आहे. आणि ते देणारे हात आता थकत चालले आहेत.