द्राक्षाच्या पानातलं लॉगिन: हरितलवकात प्रथिनं शिरतात कशी?

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिककडच्या द्राक्षबागांत फुटलेलं कोवळं पान बघितलंय का? आधी फिकट पोपटी, मग काही दिवसांत गर्द हिरवं. दिंडोरीला मामांच्या बागेत मी हे लहानपणापासून बघतोय. पण त्या पानात चक्क एक लॉगिन सिस्टीम चालते, हे कळलं सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागल्यावर!

अडचण काय?

पानात साखर बनते ती हरितलवकात, म्हणजे क्लोरोप्लास्टमध्ये. त्याचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. द्राक्षाचा 2006 साली वाचला गेला: सुमारे 1 लाख 61 हजार अक्षरं. त्यातून प्रथिनं बनतात साधारण 80, लागतात मात्र 3000 च्या आसपास. उरलेल्यांचा कोड पेशीच्या केंद्रकात असतो. म्हणजे माल बाहेर बनतो आणि दोन पडदे ओलांडून आत येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को घ्या. त्याचा मोठा तुकडा आत बनतो, छोटा बाहेरून येतो. छोटा आलाच नाही, तर साखर नाही.

दोन गेट, एक टोकन

आत जाणाऱ्या प्रथिनाच्या टोकाला एक शेपटी असते. हेच त्याचं टोकन. बाहेरच्या पडद्यावरचं 'टॉक' नावाचं यंत्र ते तपासतं, आतल्या पडद्यावरचं 'टिक' पुढे घेतं. प्रथिन घडी उलगडून, दोरा सुईत ओवावा तसं सरकतं. आत पोचलं की शेपटी कापली जाते. एकदा वापरला की ओटीपी बाद, तसंच!

हे कळलं कसं?

शास्त्रज्ञ वाटाण्याच्या पानांतून हरितलवकं वेगळी काढतात आणि त्यात खूण केलेलं प्रथिन टाकतात. मग प्रथिनं तोडणारं एन्झाइम घालतात. बाहेर राहिलेलं तुटतं, आत गेलेलं वाचतं, आणि शेपटी गेल्यामुळे लांबीला कमी भरतं. अगदी आमच्या टेस्टिंगसारखं. गेटची रचना मात्र 2022 साली नीट दिसली. क्लॅमिडोमोनास या शेवाळातलं टॉक-टिक गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर 14 घटक एकत्र जोडलेले आणि दोन्ही गेटांमध्ये ताठ पूल!

मग शेतकऱ्याला काय?

हे गेट कायम सारखं नसतं. एसपी1 नावाचं प्रथिन टॉकचे भाग काढून टाकू शकतं; हा शोध 2012 चा. पाण्याचा ताण पडला की आत येणारा माल कमी होतो, त्यामुळे पेशीला घातक ठरणारे ऑक्सिजनचे रेणूही कमी तयार होतात. 2015 च्या प्रयोगात एसपी1 जास्त असलेली रोपं ताणात जास्त तगली. रोप होतं मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस. त्यामुळे रोपवाटिकेत जाऊन लगेच असं द्राक्षाचं वाण मागू नका!

मामांना हे सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे पाणी कमी असलं की झाडही गेट ओढून घेतं." मला समजवायला अख्खा लेख लागला, त्यांना एक वाक्य पुरलं.