ओळखीच्या डॉक्टरची किंमत

जुन्या डॉक्टरांच्या हाताला गुण होता, असं आपण हळवे होऊन म्हणतो आणि विषय तिथेच सोडतो. नॉर्वेने मात्र तो गुण मोजून पाहिला. तिथे २००१पासून प्रत्येकाला आपला एक ठरावीक डॉक्टर घेता येतो. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांहून अधिक काळ एकाच डॉक्टरकडे जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघालं. तातडीने रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाणही जवळपास तितक्याच फरकाने कमी होतं.

यात जादू नाही. या मुलाचं पोट परीक्षा आली की दुखतं, हे ज्याला ठाऊक आहे, तो सोनोग्राफी लिहून देत नाही. कधीही कुरकुर न करणारे काका ‘जरा बरं नाही’ म्हणाले, की तोच डॉक्टर आधी ईसीजी काढतो. अनोळखी डॉक्टरला यातलं काहीच माहीत नसतं. मग नंतर बोल नको, म्हणून तो सगळ्याच तपासण्या सांगतो.

आपल्याकडे हे नातं विरलं, त्याचं खापर कधी डॉक्टरांच्या हावेवर फुटतं, तर कधी १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या निकालाने ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. त्याने धास्ती वाढली, हे खरं. पण रुग्णाला दाद मागायला जागा मिळाली, हे बरंच झालं. मला खरी गोम पैशाच्या वाटेत दिसते. आपले बहुतेक आरोग्य विमे भरती झाल्यावरच पैसे देतात. गल्लीतल्या डॉक्टरने वीस मिनिटं ऐकून घेऊन भरती टाळली, तर त्याच्या पदरात तपासणीची फी, बस्स! मग एमबीबीएस झालेली पोरं स्पेशालिस्ट व्हायला धावणारच. (लग्नाच्या बाजारातही ‘नुसता एमबीबीएस’ चालत नाही.)

आपणही कमी नाही. छातीत जळजळलं की थेट कार्डिओलॉजिस्ट, गुडघा दुखला की थेट ऑर्थोपेडिक. चार फायली होतात, दोन चिठ्ठ्यांत एकच औषध वेगवेगळ्या नावांनी येतं आणि ते एकत्र बघणारं कुणी नसतं.

तेव्हा घराजवळचा एक डॉक्टर धरा. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून एकदा त्याच्यापुढे ठेवा. आणि त्याने ‘गोळीची गरज नाही’ असं सांगितलं, तर फी द्यायला खळखळ करू नका.