निवाऱ्याची पुळण : हिवाळ्यातील पाळोळेचा समुद्र कसा ओळखावा

दिवाळी उलटली, की गोव्यातील शाळांना सहलींचे वेध लागतात. चार महिने गर्जत असलेला समुद्र तोवर निवळलेला असतो, आकाश निरभ्र असते आणि हवेत सुखद गारवा असतो. मडगावच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर, काणकोण तालुक्यातील पाळोळेची अर्धचंद्राकृती पुळण या दिवसांत पाहिली, तर हा समुद्र नसून एखादे विस्तीर्ण तळेच आहे, असा भास व्हावा. मुलांना पाण्यात सोडण्यास याहून निर्धोक जागा कोणती, असा विचार शिक्षकांच्या व पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हिवाळ्यातील बहुतेक दिवशी तो खराही ठरतो. जे थोडे दिवस तो खोटा ठरतो, ते आधी कसे ओळखावेत, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज स्वतः शिक्षक वा पालक आहेत. मुलांचा हात धरून पाण्याकडे जाणारे तेच आहेत.

लेखाचा मुख्य मुद्दा आरंभीच सांगतो. किनाऱ्याला लाभलेला निवारा हा सर्व दिशांना आणि सर्व लाटांना सारखा लागू नसतो. लाट कोणत्या दिशेने येते आणि ती किती लांब आहे, या दोन गोष्टींवर तो अवलंबून असतो.

पुळणीची ठेवण

पाळोळेची पुळण साधारण दीड किलोमीटर लांब आहे. तिच्या दोन्ही टोकांस खडकाळ भूशिरे आहेत. उत्तरेकडील टोकाशी एक लहान खाडी समुद्रास मिळते आणि तिच्यापुढे झाडीने झाकलेले काणकोणचे बेट उभे आहे. ओहोटीच्या वेळी या बेटावर चालत जाता येते. पुळणीचे तोंड ढोबळमानाने नैर्ऋत्येकडे आहे. म्हणजेच वायव्येकडून येणाऱ्या लाटांच्या वाटेत बेट आणि भूशिर आडवे येतात. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांना मात्र दार उघडे असते. पाळोळेचा सारा स्वभाव या एका गोष्टीत सामावलेला आहे.

हिवाळ्यातील वारे

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डिसेंबर-जानेवारीत पाऊस जवळजवळ नसतो. दुपारचे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर पहाटेचे २० अंशांच्या आसपास असते. समुद्राचे पाणी मात्र २७-२८ अंशांवर स्थिर राहते. जमीन लवकर तापते व लवकर निवते, पाणी सावकाश. या फरकातून शालेय भूगोलात आपण शिकलेले मतलई वारे व खारे वारे निर्माण होतात.

रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. सकाळी नऊ-दहापर्यंत पाळोळेचे पाणी आरशासारखे दिसते, त्याचे हे एक कारण. जमीन तापली, की दुपारच्या सुमारास खारा वारा सुरू होतो. गोव्याच्या किनाऱ्यावर त्याची दिशा प्रामुख्याने वायव्येची असते. तीन-चार वाजेपर्यंत त्याचा जोर वाढतो आणि सूर्यास्तानंतर तो ओसरतो. उघड्या किनाऱ्यांवर दुपारी ज्या आखूड, उसळत्या लाटा दिसतात, त्या याच वाऱ्याच्या. पाळोळेस त्यांच्यापासून बरेच संरक्षण मिळते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सकाळचा मतलई वारा किनाऱ्याजवळ लाट उठू देत नाही. पण हवेने फुगवलेली रबरी नळी, तराफा किंवा हलकी होडी तो हळूहळू समुद्राकडे ढकलत नेतो. किनाऱ्यालगत जमिनीच्या व माडांच्या आडोशामुळे त्याचा जोर जाणवत नाही. दोनशे मीटर आत गेल्यावर तो जाणवतो आणि तोवर परतीची वल्ही जड झालेली असतात. गुळगुळीत पाणी पाहून तरंगत्या खेळण्यावर बसलेल्या मुलासाठी हा वारा लाटेपेक्षाही अधिक फसवा आहे.

लाटांची तीन घराणी

पाळोळेस पोहोचणाऱ्या लाटांची उगमावरून तीन घराणी मानता येतात.

पहिले घराणे स्थानिक वाऱ्याचे. या लाटांचा आवर्तकाल, म्हणजे एका शिखरापासून दुसरे शिखर येईपर्यंतचा काळ, चार-पाच सेकंदांचा असतो. खोल पाण्यातील लाटेची लांबी काढण्याचे सूत्र सोपे आहे : सेकंदांतील आवर्तकालाचा वर्ग करावा व त्यास १.५६ ने गुणावे. उत्तर मीटरमध्ये येते. पाच सेकंदांची लाट याप्रमाणे सुमारे ३९ मीटर लांब असते.

दुसरे घराणे अरबस्तानाकडचे. हिवाळ्यात इराणचे आखात व ओमान यांच्या परिसरात वायव्येचे जोरदार वारे सुटतात. त्यांना अरबीत 'शमाल' म्हणतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून दोन-तीन दिवसांत भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी येतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या लाटांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. गोव्यात वारा पडलेला असताना उघड्या किनाऱ्यांवर अचानक लाटा वाढतात, त्याचे उत्तर अनेकदा ओमानच्या हवामानात असते. याही लाटा वायव्येच्या असल्याने पाळोळेस त्यांचा उपद्रव कमी होतो.

तिसरे घराणे दूर दक्षिणेचे. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे, वर्षभर वादळे फिरत असतात. तेथील लाटांचा आवर्तकाल १४ ते १६ सेकंद किंवा त्याहूनही अधिक असतो. चौदा सेकंदांची लाट सुमारे ३०० मीटर लांब असते. अशा लाटांचा समूह ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने सरकतो. सहा हजार किलोमीटरांचे अंतर कापून त्या साधारण सहा-सात दिवसांत गोव्यास पोहोचतात. त्यांची दिशा दक्षिण-नैर्ऋत्येची असते. पाळोळेचे दार नेमके याच बाजूस उघडे आहे.

शिवाय लांब लाटेचा आणखी एक गुण ध्यानी घ्यावा. लाटेस तळाचा स्पर्श तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून जाणवू लागतो. आखूड लाटेस तो वीस मीटर खोलीवर, तर तीनशे मीटर लांबीच्या लाटेस दीडशे मीटर खोलीवरच जाणवतो. तळ जाणवलेली लाट उथळ भागात मंदावते, खोल भागात पुढे सरकते आणि त्यामुळे वळते. प्रकाशकिरणांच्या वक्रीभवनाशी या क्रियेचे साधर्म्य आहे. म्हणून लांब लाट भूशिराला वळसा घालून आडोशातही शिरते. आखूड लाट फारशी शिरत नाही. आखूड लाटांना जो आडोसा भिंत वाटतो, तोच लांब लाटांना नुसता पडदा असतो.

खोल समुद्रात अशी लाट अर्ध्या मीटरचीच असेल, तर ती दिसतही नाही. मात्र उथळ पाण्यात आल्यावर ती उंचावते आणि मंद उताराच्या पुळणीवर बरीच वरपर्यंत चढते. तिच्या मोठ्या लाटा गटागटाने येतात. दोन गटांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची शांतताही असू शकते. या शांततेतच माणसे पाण्यात उतरतात.

३ डिसेंबर २०१७

वरील विवेचन केवळ पुस्तकी नाही. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर हा आपल्या समुद्रांतील चक्रीवादळांचा एक हंगाम असतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस श्रीलंका व कन्याकुमारीजवळ 'ओखी' हे चक्रीवादळ निर्माण झाले. केरळ व तमिळनाडूच्या शेकडो मच्छीमारांचा त्याने बळी घेतला. लक्षद्वीपजवळून ते अरबी समुद्रात आले, पुढे गुजरातच्या दिशेने वळले आणि तेथे पोहोचेपर्यंत क्षीण झाले. गोव्यात वादळ आले नव्हते. त्याचा मार्ग किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर होता. तरीही ३ डिसेंबरच्या सुमारास गोव्याच्या अनेक किनाऱ्यांवर पाणी नेहमीची हद्द ओलांडून आत आले आणि पुळणीवरील हंगामी उपाहारगृहांची हानी झाली.

याचे कारण दोन गोष्टींचा मेळ. वादळाने दक्षिणेकडून पाठवलेल्या लाटा पोहोचल्या, त्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती होती. शिवाय चंद्र त्या सुमारास पृथ्वीच्या अगदी जवळ होता. त्यामुळे उधाणाची भरती नेहमीपेक्षा मोठी होती, आणि मोठी लाट त्या वाढलेल्या पाण्यावर स्वार होऊन आली. आकाशाकडे पाहून समुद्राचा अंदाज बांधणाऱ्याला त्या दिवशी फारसे काही कळले नसते.

तिथी आणि भरती

किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा एक ठोकताळा आजही उपयोगी आहे. पक्षातील तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीस सहा वाजता, तर पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. स्थळपरत्वे यात तासाभराचा फरक पडतो. म्हणून नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकांतूनच घ्याव्यात. गोव्यात उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांतील फरक सुमारे दोन मीटरांचा असतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तो बराच कमी होतो.

पाळोळेच्या बेटावर जाणाऱ्यांनी हे गणित विसरू नये. समजा, चतुर्थी आहे. ठोकताळ्याप्रमाणे भरती दुपारी तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. साडेनऊला मुले रमतगमत बेटावर गेली. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही : पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन व सहाव्यात एक. म्हणजे अकरापर्यंत पाणी फारसे वाढलेले दिसत नाही आणि अकरा ते एक या दोन तासांत निम्मी चढ पूर्ण होते. साडेबाराला परतू, असे ठरवणाऱ्या गटास आलेली वाट ओळखता येणार नाही. उलट पाणी उतरत असताना खाडीच्या मुखाशी बाहेर ओढणारा प्रवाह असतो. तेथे मुलांना उतरू देऊ नये.

अंदाज कसा वाचावा

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ साली स्थापन झाले. किनारपट्टीसाठी लाटांची उंची, दिशा व आवर्तकाल यांचा अंदाज ते प्रसिद्ध करते. उंच लाटांचे इशारेही देते. भारतीय हवामानशास्त्र विभाग वारा व वादळे यांविषयी सांगतो. बहुतेक वाचक यांतील उंचीचा आकडा तेवढा पाहतात. पाळोळेसारख्या किनाऱ्यासाठी हा क्रम उलटा करावा : प्रथम दिशा, मग आवर्तकाल, शेवटी उंची. वायव्येची, सहा सेकंदांची, एक मीटरची लाट पाळोळेस बहुधा जाणवणारही नाही. दक्षिण-नैर्ऋत्येची, पंधरा सेकंदांची, तेवढ्याच उंचीची लाट मुलांना पाण्याबाहेर ठेवण्यास पुरेसे कारण आहे. अंदाजातील उंची ही सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, हेही ध्यानात ठेवावे. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. आणि एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे एक टन असते.

पुळणीवर पोहोचल्यावर मुलांना लगेच पाण्यात सोडू नये. पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून समुद्र पाहावा. सर्वांत वरची ओली रेषा कोठे आहे, ती पाण्यापासून किती दूर आहे, लाटांचे गट किती वेळाने येतात, हे मुलांनाच मोजू द्यावे. घड्याळावर दहा शिखरे मोजून दहाने भागले, की आवर्तकाल मिळतो. बारा सेकंदांहून अधिक आला, तर लाट दूरची आहे, हे सातवीतील मुलासही सांगता येईल. भूगोलाचा याहून चांगला तास वर्गात घेता येणार नाही.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या बावट्यांमधील पट्ट्यातच उतरावे आणि लाल बावटा असेल तेथे उतरूच नये. कोणी ओढीत सापडलाच, तर त्याने किनाऱ्याकडे सरळ झुंजत न येता किनाऱ्यास समांतर पोहावे, दमल्यास तरंगत राहावे व हात वर करून मदत मागावी. इतरांनी त्याच्यामागे उडी न घेता जीवरक्षकास हाक मारावी.

हिवाळ्यातील बहुतेक सकाळी ही सारी दक्षता अनावश्यक भासेल. पंधरा मिनिटे मोजूनही आकडा पाच सेकंदांचाच येईल, पाणी गुडघ्याशी खेळेल आणि मुले ओल्या कपड्यांनी, वाळूभरल्या पायांनी बसमध्ये चढतील. तसेच व्हावे. बस सुटण्यापूर्वी मुलांची शिरगणती करताना आकडा सकाळच्या आकड्याशी जुळावा, यासाठीच हा हिशेब आहे.